कंडक्टरचा आवाज

कारभारीचा आवाज काय चीज होती, ते कन्नडच्या स्टँडावर कुणाही जुन्या माणसाला विचारा. एसटीत कंडक्टर होता तो, उभा जन्म त्यातच गेला. “वेरूळ, खुलताबाद, दौलताबादऽऽ” अशी हाळी त्यानं दिली की रसवंतीत बसलेली माणसं अर्धा ग्लास टाकून गाडीकडं पळत सुटायची. गाडी खच्चून भरलेली असली अन् त्यानं नुसतं “पुढं सरका” म्हटलं की माणसं सरकायची, पोती सरकायची, पिशवीतली कोंबडीसुद्धा गप व्हायची. अशा माणसाला रिटायर झाल्यावर स्वतःच्याच घरात बोलायची चोरी झाली! आता याला काय म्हणावं?

पडेगावात मेन रोडच्या आत त्याचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीजवळ शिवराजची चाकाची खुर्ची, तिच्यापुढं टेबल अन् टेबलावर कॉम्प्युटर. शिवराज हा त्याचा धाकटा. वाळूजला एका कंपनीत होता, झकास चाललं होतं. मित्राच्या लग्नावरून येताना कन्नडच्या घाटात एका ट्रकनं कट मारला, मोटरसायकल कठड्यावर गेली, अन् मानेला मार बसला. तेव्हापासून मान अन् खांदे तेवढे हलतात. हात, बोटं, पाय, काही काही नाही. श्वासही अर्धाच झाला, त्यामुळं बोलणं हळू, मध्येच तुटणारं. शिवराजची आई, आशाबाई, हे बघायला राहिली नव्हती. ती आधीच गेली होती. म्हणजे घरात उरले बाप अन् लेक.

अन् कारभारीनं केलं बरं का पोराचं. आंघोळ, दाढी, भरवणं, कूस बदलणं, सगळं. कुणी नाव ठेवावं असं काही राहू दिलं नाही. फक्त एक खोड होती त्याला. पोरानं सांगायच्या आत करून मोकळा व्हायचा. डॉक्टर शिवराजकडं बघून विचारायचे, “कसं वाटतंय?” अन् बोलायचा कारभारी, “रात्री पाठ दुखत होती त्याची.” पाहुणे विचारायचे, “शिवराज, चहा घेतो का?” की हा आतून, “त्याला नको, त्याला पित्त होतंय.” मिशा आलेल्या पोराच्या तोंडातला शब्द बाप पळवायचा, अन् पळवतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

गावी होतं ते प्रेरणाच्या. प्रेरणा म्हणजे थोरली लेक, सोयगावला शाळेत शिक्षिका. एका दिवाळीला ती आली ती कानावर घालायचा माईक घेऊनच. कॉम्प्युटरमध्ये काय काय केलं अन् भावाला म्हणाली, “आता हे सगळं तोंडानं चालवायचं. हुकूम इंग्रजीत द्यायचे, लिहायचं ते मराठीत बोलायचं.” पडद्यावर जिथं जिथं बोट लावायची जागा, तिथं तिथं आकडा दिसायचा. आकडा म्हणायचा की ते उघडायचं. अन् जाताना तिनं काय करावं? कीबोर्ड अन् माउस दोन्ही उपसून स्वतःच्या पिशवीत टाकले.

“अगं, ते कशाला नेती?” कारभारी म्हणाला.

“तुमच्यासाठी, आप्पा. समोर दिसलं की तुम्ही त्याचं काम करून टाकणार. मला काय माहीत नाय व्हय तुम्ही?”

कारभारीला राग आला. पण पोरगी म्हणत होती ते खोटं नव्हतं, म्हणून तो गाडी आली का बघायला बाहेर गेला.

मग सुरू झाला वनवास. शिवराज म्हणायचा, “क्लिक नाइन.” यंत्र ढिम्म. परत, “क्लिक नाइन.” भलतंच काहीतरी उघडायचं. लिहायला लागला की अर्ध्या वाक्यात श्वास संपायचा अन् यंत्र समजायचं की संपलं याचं. परत पहिल्यापासून. आत कणीक मळता मळता कारभारीचा जीव तीळ तीळ तुटायचा. नाइन, नाइन, नाइन! अरे, केवढा तो एक आकडा! एक दिवस त्याला राहवलं नाही. आतूनच त्यानं आवाज टाकला, “किलिक नाइन!” अन् काय सांगावं, यंत्रानं पहिल्या फटक्यात ऐकलं.

पिठाच्या हातानं कारभारी पळत बाहेर आला. “बघ! ऐकतंय की मर्दा! जरा जोर लाव!”

शिवराज पडद्याकडं बघत होता. “आप्पा,” तो म्हणाला, “ते माझं आहे.”

एवढंच. पण कारभारीच्या हातातलं पीठ वाळेपर्यंत तो दारातच उभा राहिला.

त्यानंतर घरात कर्फ्यू लागला. कुकरची शिटी नको, टीव्ही नको, फोन आला तर अंगणात जा. कारण माईक जागा असला की कानावर पडेल ते लिहून काढायचा, अन् कारभारीचा आवाज तर त्याला शिवराजच्या आधी ऐकू जायचा. एकदा देवगाव रंगारीहून भावाचा, धोंडिबाचा फोन आला. विसरला बिचारा कारभारी अंगणात जायचं. पाच मिनिटांनी पडद्यावर बघतो तर शिवराजच्या पत्रात लिहिलेलं, ‘आपल्या संस्थेत येण्याची माझी इच्छा असून आधी मोटार बंद कर गाढवा पाईप फुटलाय तुला दिसत नाय का धोंडिबा’. ते वाचून शिवराज हसला. अपघातानंतर तो असा पोट धरून हसल्यासारखा कधी हसलाच नव्हता. कारभारीही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. कसली संस्था, हे विचारायचं त्या हसण्यात राहूनच गेलं.

मग त्यानं स्वतःच नेम केला. सकाळची सगळी आवराआवर झाली की पोराला टेबलापाशी बसवायचं, अन् आपण नाक्यावरच्या टपरीवर जाऊन बसायचं. तिथं कमरोद्दीन असायचा. कमरोद्दीन म्हणजे त्याच्याच गाडीवरचा ड्रायव्हर. कारभारीनं दोरी ओढून दोनदा घंटी दिली की कमरोद्दीननं गाडी हलवायची, एकदा दिली की थांबवायची. अर्धं आयुष्य दोघांचं संभाषण त्या घंटीवरच झालेलं.

“क्या मियाँ,” कमरोद्दीन रोज चिडवायचा, “आज भी घर से निकाले क्या तुमकू?”

“निकाले नाय रे, मीच आलो. पोरगं शिकतंय.”

“हौ, पोट्टा बोलना सिक्राय, अन् बाप चुप बैठना सिक्राय. अच्छा मदरसा खोले तुम लोगां!”

कारभारी हसायचा. पण खरं सांगायचं तर ते दोन तास त्याला खायला उठायचे. पोराला तहान लागली असेल का, पाय घसरला असेल का, माशी बसली असेल नाकावर तर कोण उडवणार? शिवराज मात्र दिवसेंदिवस तरबेज होत गेला. श्वास पुरेल एवढ्याच तुकड्यात बोलायचं, थांबायचं, परत बोलायचं. बाप घरी आला की त्याच्या तोंडावर काहीतरी वेगळंच तेज दिसायचं, अन् कारभारीला वाटायचं, चला, पोराला छंद लागला. छंद! बापांना असंच वाटतं.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, मग थंडी पडली अन् शिवराजला खोकला झाला. छातीत कफ, अन् दोन दिवसांत आवाज पार बसला. ओठ हलायचे, हवा यायची, शब्द काही येईना. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं नाही, औषध घ्या, चार-आठ दिवसांत सुटेल आवाज. पण शिवराज काही पडून राहीना. मला टेबलापाशी बसवा, म्हणून डोळ्यांनी खुणा करायला लागला. बसवलं. तो ओठ हलवत राहिला, यंत्र तसंच बसून राहिलं. दुपार कलली तसा त्याच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यानं बापाकडं बघितलं.

कारभारीनं कान त्याच्या तोंडाशी नेला.

“आप्पा. माईक तुम्ही घाला. मी सांगतो, तसं बोला. पाच वाजायच्या आत पाठवायचंय.”

आता काय सांगू तुम्हाला, कारभारीला काय आनंद झाला! टोपी काढून खुंटीला लावली, माईक डोक्यावर चढवला, खुर्ची ओढून पोराच्या शेजारी बसला. किती महिन्यांनी घरात बोलायला मिळणार होतं. पेन्शनचा नाहीतर सर्टिफिकेटचा काही कागद असेल, असंच धरून चालला होता तो.

शिवराज कानात कुजबुजला. कारभारी खणखणीत बोलला, “मॅडम, तुमचा मेल मिळाला.” पडद्यावर अक्षरं टपाटपा उमटली. कारभारीनं पोराकडं मिशीत हसून बघितलं.

पुढचं वाक्य कानात आलं. कंडक्टरला सवय असते, ऐकलं की पुकारायचं. गावाचं नाव तोंडातून बाहेर पडतं, ते कोणतं गाव, हा विचार मागून येतो. “मी पुण्याला राहायला यायला तयार आहे,” कारभारी बोलून गेला. लिहूनही झालं. अन् मग त्याला कळलं.

“कोण पुण्याला?” तो म्हणाला.

पडद्यावर उमटलं, ‘कोण पुण्याला’.

“अरे मी तुला विचारतोय!”

तेही उमटलं. शिवराज कानात म्हणाला, “आधी ‘डिलीट दॅट’ म्हणा. दोनदा.” कारभारीनं म्हटलं. वाक्यं गेली. “आता ‘स्लीप’ म्हणा. माईक झोपवा. मग काय भांडायचं ते भांडू.”

बघा, भांडणसुद्धा त्या यंत्राची परवानगी काढून करायचं!

“स्लीप,” कारभारी म्हणाला, अन् मग फुटला. “कसलं पुणं? कोण मॅडम? मला न विचारता काय धंदे चाललेत तुझे? मी तिकडं टपरीवर उन्हात बसतो, अन् तू इथं...”

शिवराज थांबत थांबत सांगत गेला अन् कारभारीला कान त्याच्या ओठांशी ठेवूनच ऐकावं लागलं. रागावलेल्या माणसाला इतकं जवळ बसणं लई अवघड असतं. पुण्यात एक संस्था होती. त्याच्यासारखीच खुर्चीवरची पोरं तिथं राहायची, मदतीला माणसं असायची, वर्षभर काम शिकवायचे अन् तिथंच कामालाही लावायचे. त्यानं आवाजानं अर्ज केला होता, आवाजानं परीक्षा दिली होती. त्यांनी त्याला घेतलं होतं. येतो की नाही, ते आज कळवायचं होतं. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला होता, तुम्हाला घर सोडून का यायचंय?

“प्रेरणाला माहितेय?”

शिवराजनं नजर खाली घातली.

“म्हणजे माहितेय. शाबास! अख्ख्या जगाला माहिती, बाप तेवढा येडा. मग तिलाच सांग ना. तिकडून पाठवील ती, दोन मिनिटांचं काम.”

“पाठवलं असतं तिनं. खोकला झाला तेव्हाच म्हणाली होती.” शिवराजचा श्वास तुटला, त्यानं परत घेतला. “मीच नको म्हणलो. तुम्ही जन्मभर म्हणाला असता, पोरगं चोरून गेलं.”

“तिथं तुझी कूस कोण बदलणार? घसा धरला तर कुणाला कळणार? इथं मी आहे ना! काय कमी केलं मी तुला? सांग, काय कमी केलं?”

“काहीच नाय, आप्पा.”

“मग?”

शिवराजनं मान पडद्याकडं वळवली. “माईक उठवा. ते त्यात सांगतो.”

कारभारीच्या मनात आलं, माईक काढावा अन् फेकून द्यावा. पण पोराला काय सांगायचंय ते ऐकायचंही होतं. “वेक अप,” तो म्हणाला.

मग पोरगं कानात सांगत गेलं अन् बाप मोठ्यानं बोलत गेला.

“माझी सगळी कामं माझे वडील करतात. त्यांनी कधीही कंटाळा केला नाही.” कारभारी बोलला. “माझी आई असती तर तिनंही एवढं केलं नसतं.” हेही बोलला. “पण मला काय पाहिजे, ते माझ्याआधी वडीलच सांगतात.” इथं तो अडखळला. शिवराजनं पुन्हा कानात सांगितलं. कारभारी बोलला. “पुष्कळदा ते बरोबरच असतं. म्हणून मी काही बोलत नाही. असंच चाललं तर एक दिवस मला काय पाहिजे, ते मलाच कळणार नाही. वडील कायम राहणार नाहीत. ते आहेत तोवरच मला माझं सांगायला शिकायचं आहे.”

आपल्याच आवाजात, आपल्याच तोंडानं, आपल्याच पोराची आपल्याविषयीची तक्रार! कोर्टात आरोपीलाही असं करायला लावत नाहीत. ‘मी’ म्हणून बोलला कारभारी, अन् आपण कोण, पोरगं का बाप, हेच त्याला घडीभर कळेना.

“झालं,” शिवराज कुजबुजला. “आता पाठवायचं. ‘क्लिक ट्वेल्व्ह’.”

पाठवायच्या जागेवर बाराचा आकडा होता. भिंतीवरच्या घड्याळात पाचला थोडाच वेळ उरला होता.

कारभारी गप्प बसला.

त्याला काही करायचंच नव्हतं. पत्र फाडायचं नव्हतं, खोटं बोलायचं नव्हतं, पोराला नाही म्हणायचं नव्हतं. नुसतं गप्प बसलं की काम होत होतं. काटा बारावर जाईल, मॅडम दुसऱ्या कुणाला घेतील, पोरगं इथंच खिडकीशी राहील. अन् गप्प बसायला तर त्याला याच घरात शिकवलं होतं. तो समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. माईक त्याच्या तोंडापुढं जागा होता.

शिवराजनं विनवणी केली नाही. बापाकडं बघितलंही नाही. पडद्याकडं तोंड करून तो ओठ हलवायला लागला. “क्लिक... ट्वेल्व्ह.” नुसती हवा. यंत्र ढिम्म. “क्लिक... ट्वेल्व्ह.” पहिल्या दिवसांत नाइन, नाइन करायचा, तसंच. श्वास संपला की थांबायचा, खोकायचा, परत घ्यायचा. यंत्राला काही ऐकू जात नव्हतं. हातभर अंतरावर बसलेल्या बापाला मात्र सगळं ऐकू येत होतं.

कारभारीला स्टँड आठवला. किती आया, किती बाप खिडकीला धरून उभे असायचे! कुणाचं पोरगं शिकायला चाललंय, कुणाची लेक सासरी चाललीये. ‘थांबा हो कंडक्टर, एवढी भाकरी देऊ द्या’, असं म्हणायचे. अन् हा दोरी ओढून दोनदा घंटी द्यायचा. कमरोद्दीन गाडी काढायचा. माणसं मागं फलाटावर राहायची. दोरी ओढताना त्याचा हात कधी म्हणून थांबला नव्हता. लोकांची पोरं होती ती.

“क्लिक...” शिवराजला खोकल्याची उबळ आली. पूर्ण अंग हादरलं. कारभारीनं त्याला छातीशी धरून पुढं वाकवलं, पाठीवर थापट्या मारल्या. उबळ ओसरली. कारभारीनं त्याचं तोंड पुसलं, मान नीट टेकवली. शिवराजनं परत पडद्याकडं बघितलं अन् ओठ उघडले.

“किलिक ट्वेल्व्ह,” कारभारी म्हणाला.

काहीच झालं नाही. त्याचा आवाज इतका बारीक निघाला होता, की यंत्रानं तो घेतलाच नाही. कन्नडचा अख्खा स्टँड हलवणारा आवाज! कारभारीला स्वतःचंच नवल वाटलं. त्यानं घड्याळाकडं बघितलं, छाती भरून श्वास घेतला, अन् स्टँडावर द्यायचा तशी हाळी दिली.

“किलिक ट्वेल्व्ह!”

बाहेर कुत्रं भुंकलं. शेजारच्या गीताबाई खिडकीत आल्या, “काय झालं ओ भाऊ?” पडद्यावरचं पत्र निघून गेलं होतं. ‘पाठवले’ एवढं कोपऱ्यात येऊन तेही गेलं.

शिवराजचे डोळे मिटलेले होते अन् त्यातून पाणी गळत होतं. पुसायला कारभारीचा हात पुढं झाला, अन् तो मध्येच थांबला. पुसू का, हे विचारावं लागेल, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला. खोली तशीच होती. खिडकी, टेबल, खुंटीला टोपी, ही खुर्ची. ही खुर्ची जाणार. सकाळी पाणी तापवायचं ते कुणासाठी, ते कळेना.

“आता मी कुणाशी बोलू,” तो स्वतःशीच पुटपुटला.

माईक अजून जागाच होता. पडद्यावर वर शोधायचा एक कोरा रकाना होता, त्यात अक्षरं एकेक करून उमटली. ‘आता मी कुणाशी बोलू’. मोठी, काळी, ठसठशीत अक्षरं. या वेळी यंत्राला सगळं नीट ऐकू आलं होतं.

शिवराजनं डोळे उघडले अन् ते वाचलं.

कारभारी चपापला. चोरी पकडल्यासारखी त्याची मान खाली गेली. मघाशी दोनदा म्हटलेला हुकूम त्याला काही केल्या आठवेना. “हे... हे पुसायचं कसं रे?” तो म्हणाला, अन् तेही त्याच्यापुढं लिहिलं गेलं.

शिवराजनं ती दोन्ही वाक्यं परत वाचली. मग त्यानं मान किंचित हलवली. कारभारीनं कान त्याच्या ओठांशी नेला.

“राहू द्या, आप्पा,” शिवराज म्हणाला. “मला पाणी द्या.”

कारभारी उठला अन् पाणी आणायला आत गेला.